सहाशे एक्केचाळीसने भाग गेला!

मुलांनो, मागे एकदा फळ्यावर मूळ संख्यांची यादी लिहिताना मी घाईघाईत ९१ लिहून गेलो. पाचवीतली एक मुलगी उभी राहिली. "सर, तेरा साती एक्क्याण्णव!" मी तिला "खाली बस" म्हटलं आणि पुढे शिकवत राहिलो. घरी गेल्यावर मात्र चैन पडेना. चूक माझी होती आणि गप्प बसवलं तिला.

दुसऱ्या दिवशी वर्गात मी एका मोठ्या संख्येची गोष्ट सांगितली. तीच आज तुम्हांला सांगतो.

२ घ्या आणि वर्ग करत चला : २, ४, १६, २५६, ६५५३६. प्रत्येकीत १ मिळवा. ३, ५, १७, २५७, ६५५३७ मिळतात. या पाचही मूळ संख्या आहेत, म्हणजे १ आणि ती संख्या सोडून दुसऱ्या कशानेही त्यांना पूर्ण भाग जात नाही. सुमारे १६४० मध्ये फ्रान्समधले थोर गणिती फर्मा यांना वाटलं, अशा पुढच्या साऱ्याच संख्या मूळ असणार. मात्र आपल्याकडे सिद्धता नाही, हेही त्यांनी प्रामाणिकपणे लिहून ठेवलं.

पुढची संख्या कोणती? ४२९४९६७२९७. चार अब्ज एकोणतीस कोटींच्या वर! ती तपासायची कशी? संख्येला अवयव असतील, तर त्यांतला एक तिच्या वर्गमुळाएवढा किंवा त्याहून लहान असतोच. इथे वर्गमूळ ६५५३६ च्या जवळ येतं. तिथपर्यंत साडेसहा हजार मूळ संख्या आहेत. इतके भागाकार हाताने कोण करणार?

जवळजवळ शंभर वर्षं गेली. १७३२ साली रशियातल्या सेंट पीटर्सबर्ग शहरात पंचविशीतल्या ऑयलरने दाखवून दिलं, की

६४१ × ६७००४१७ = ४२९४९६७२९७

फर्मांचा अंदाज चुकला! पुढे ऑयलरने हेही सिद्ध केलं, की या संख्येला भागणारी मूळ संख्या ६४ च्या पटीपेक्षा १ ने मोठीच असते. मग तपासायला उरतात १९३, २५७, ४४९, ५७७ आणि ६४१. पाचव्या भागाकारात काम फत्ते! गंमत म्हणजे, ६५५३७ च्या पुढे या मालिकेतली एकही मूळ संख्या आजवर कुणाला सापडलेली नाही.

फर्मा लहान झाले का? मुळीच नाही. पण गणितात 'कोण म्हणालं' याला किंमत नाही, 'ताळा जमतो का' याला आहे. गोष्ट संपल्यावर मी त्या मुलीच्या हाती डस्टर दिलं. ९१ तिनेच पुसले.

आता तुमची पाळी. २५७ मूळ आहे, हे माझ्या शब्दावर मानू नका. २, ३, ५, ७, ११ आणि १३ ने भागून पाहा. सहाच भागाकार पुरतात. ते का, हे घरी आईबाबांना समजावून सांगा बरं!