स्टुटगार्टच्या बाल्कनीतला धूळमापक

सांडपाण्याच्या पाइपाचे दोन करडे एल्बो, प्लंबिंगच्या कुठल्याही दुकानात मिळणारे. एकमेकांत बसवले की त्यांचा उलट्या ‘यू’सारखा आकार होतो. दोन्ही तोंडं खाली, त्यामुळे पाऊस आत शिरत नाही. किडे-कोळी जाऊ नयेत म्हणून तोंडाला बारीक जाळी. आत केबल टायने एकमेकांना बांधलेले दोन छोटे सर्किट बोर्ड आणि बाहेर आलेली एक यूएसबीची वायर. जर्मनीतल्या स्टुटगार्ट शहरात २०१५ पासून अशी यंत्रं घरोघरी बाल्कनीच्या कठड्याला लटकलेली दिसू लागली. ती हवेतली सूक्ष्म धूळ मोजतात आणि आकडा परस्पर इंटरनेटवर पाठवतात. कोणत्याही कंपनीने ती बाजारात आणलेली नाहीत. ‘ओके लॅब स्टुटगार्ट’ या स्वयंसेवकांच्या गटाने सामानाची यादी, जोडणीच्या सूचना आणि सॉफ्टवेअर सर्वांसाठी खुलं केलं आणि लोकांनी आपापल्या घरी बसून ती जोडली. सामानाचा खर्च सुरुवातीला तीसेक युरो होता.

‘इंटरनेट ऑफ थिंग्ज’ म्हणजे इंटरनेटला जोडलेल्या वस्तूंचं जाळं. ते समजून घ्यायला मला या यंत्रापेक्षा चांगलं उदाहरण सापडलेलं नाही. हा शब्दप्रयोग तंत्रज्ञ केविन अ‍ॅश्टन यांनी १९९९ मध्ये रूढ केला, पण कल्पना त्याआधीची. १९९१ मध्ये केंब्रिज विद्यापीठातल्या संगणकतज्ज्ञांनी कॉफीच्या भांड्यासमोर कॅमेरा लावला, म्हणजे कॉफी शिल्लक आहे की नाही ते आपापल्या जागेवरून कळावं. १९९३ मध्ये ते चित्र वेबवर आलं आणि भांडं जगप्रसिद्ध झालं. २००१ मध्ये कॅमेरा बंद झाल्यावर ते ‘श्पीगेल ऑनलाइन’ या जर्मन वृत्तस्थळाने लिलावात विकत घेतलं, आता ते जर्मनीतच, पाडेरबोर्नच्या हाइन्झ निक्सडॉर्फ संगणक संग्रहालयात आहे. पुढे २०११ च्या हॅनोवर औद्योगिक मेळाव्यात जर्मनीने ‘इंडस्ट्री ४.०’ची घोषणा केली आणि कारखान्यातली यंत्रं एकमेकांशी बोलू लागतील, असं चित्र मांडलं. पण सामान्य माणसाच्या हाती हे तंत्र कसं येतं, ते पाहायला कारखान्यापेक्षा स्टुटगार्टची बाल्कनी बरी.

स्टुटगार्टच का? मर्सिडीझ आणि पोर्श यांचं हे गाव. बॉशचं मुख्यालयही शेजारच्या गेर्लिंगेनला. शहराचा मध्यभाग खोलगट, चहूबाजूंनी द्राक्षमळ्यांच्या टेकड्या, वारा जेमतेम. हिवाळ्यात थंड हवा खाली बसते, वर ऊबदार हवेचं झाकण पडतं आणि गाड्यांचा व चुलाण्यांचा धूर तिथेच कोंडून राहतो. त्यातही नेकारटोर हा चौक वर्षानुवर्षं देशातल्या सर्वांत प्रदूषित जागांमध्ये गणला जायचा. युरोपीय नियमाप्रमाणे पीएम १० धुळीची दिवसाची सरासरी घनमीटरला ५० मायक्रोग्रॅमपेक्षा वर्षातून फार तर ३५ दिवस जास्त असू शकते. ही मर्यादा २००५ मध्ये लागू झाली. नेकारटोरला ती पहिल्यांदा पाळता आली २०१८ मध्ये. त्याआधी, जानेवारी २०१६ पासून, महापालिका ‘फाइनश्टाउबअलार्म’ म्हणजे धुळीचा इशारा देऊ लागली होती. इशारा लागू झाला की गाड्या घरी ठेवा, घरातल्या शोभेच्या शेकोट्या पेटवू नका, असं आवाहन व्हायचं. सरकारी मोजणी अचूक होती, पण केंद्रं मोजकीच. माझ्या गल्लीत, माझ्या मुलांच्या शाळेसमोर काय आहे, या नागरिकाच्या प्रश्नाला त्यांच्याकडे उत्तर नव्हतं.

आता यंत्राच्या पोटात पाहू. धूळ मोजण्याचं काम एसडीएस०११ हा चिनी सेन्सर करतो. छोटा पंखा हवा आत ओढतो, ती लेझरच्या किरणासमोरून जाते, धुलिकणांवर आपटून प्रकाश विखुरतो आणि तो टिपून सेन्सर पीएम १० आणि त्याहून बारीक पीएम २.५ धुळीचा अंदाज बांधतो. लेझरचं आयुष्य सुमारे ८,००० तास. अखंड चालवला तर वर्षही पुरणार नाही. म्हणून तो साधारण अडीच मिनिटांनी एकदा जागा होतो, थोडा वेळ पंखा चालवून आतली शिळी हवा घालवतो, काही सेकंद मोजतो आणि पुन्हा झोपतो. या एका युक्तीने तो काही वर्षं टिकतो. ईएसपी८२६६ ही स्वस्त चिप घरच्या वाय-फायवरून तो आकडा सर्व्हरला पाठवते. तापमान-आर्द्रतेसाठी अनेक जण बीएमई२८० लावतात. अडीच मिलिमीटर लांबी-रुंदीचा हा तुकडा बॉशची उपकंपनी तयार करते आणि तिचं ठाणं स्टुटगार्टजवळच्या रॉइटलिंगेनला आहे.

सर्व्हरवर आलेल्या आकड्यांचा नकाशा होतो: षटकोनी चौकटी, हिरव्यापासून जांभळ्यापर्यंत. ३१ डिसेंबरच्या मध्यरात्री जर्मन लोक रस्त्यावर येऊन फटाके उडवतात. त्या रात्री हा नकाशा पाहावा. बाराच्या ठोक्याला शहरामागून शहर लाल-जांभळं होत जातं. आपली लक्ष्मीपूजनाची रात्र कुणी अशी गल्लीनिहाय मांडली, तर वेगळं काही दिसेल असं मला वाटत नाही.

या यंत्राच्या मर्यादाही स्पष्ट सांगायला हव्यात. हवेत दमटपणा वाढला की धुलिकण पाणी शोषून फुगतात, धुक्याचे थेंबही धुळीतच मोजले जातात आणि आकडा उगाच चढतो. सरकारी केंद्रात हवेतला ओलावा आधी हाताळला जातो, इथे ती सोय नाही. शिवाय हा सेन्सर फक्त धूळ मोजतो. स्टुटगार्टने १ जानेवारी २०१९ पासून जुन्या डिझेल गाड्यांना बंदी केली ती मुख्यतः नायट्रोजन डायऑक्साइडमुळे, आणि तो वायू या पाइपाला कळतच नाही. म्हणून एका बाल्कनीतल्या एका आकड्यावरून भांडायला जाऊ नये. पण एकाच परिसरातले अनेक आकडे एकत्र वाचले की धूळ कधी वाढते, कुठून कुठे सरकते, हे समजतं. नेदरलँड्सची ‘आरआयव्हीएम’ ही सरकारी आरोग्यसंस्था नागरिकांच्या अशा सेन्सरांचे आकडे अधिकृत केंद्रांशी ताडून, दुरुस्त करून वापरते.

मला या यंत्राबद्दल खरी आस्था आहे ती त्याच्या आकड्यांच्या मालकीमुळे. घरातला स्मार्ट टीव्ही, घड्याळ, कॅमेरा हीसुद्धा इंटरनेटला जोडलेली उपकरणंच, पण त्यांनी टिपलेलं बहुतेक सगळं कंपनीच्या सर्व्हरवर जातं आणि मालकाला त्यातलं कंपनी दाखवेल तेवढंच दिसतं. इथे बाल्कनीतला आकडा शेजाऱ्याला, पत्रकाराला, महापौरालाही त्याच क्षणी दिसतो. ‘लुफ्टडाटेन’ या नावाने सुरू झालेला हा उपक्रम पुढे ‘सेन्सर कम्युनिटी’ झाला, बल्गेरियातल्या सोफियासारख्या धुराने गांजलेल्या शहरांनी तो उचलून धरला आणि सेन्सरांची संख्या दहा हजारांच्या वर गेली.

मुंबई आणि स्टुटगार्ट १९६८ पासून भगिनी शहरं आहेत. आपल्याकडे पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेची हवेची गुणवत्ता मोजणारी ‘सफर’ यंत्रणा आहे आणि तिचं काम मोलाचं आहे, पण तिचीही केंद्रं मोजकीच. मुंबईत पावसाळ्याचे चार महिने या स्वस्त सेन्सरवर विसंबता येणार नाही, किनाऱ्यावरच्या दमट हवेत एरवीही दुरुस्ती लागेल. चंद्रपूरसारख्या ठिकाणी, जिथे कोळशाच्या खाणी आणि औष्णिक वीज केंद्र वस्तीला लागून आहेत आणि उन्हाळ्याची हवा कोरडी असते, तिथे तो जास्त कामाचा ठरेल. शाळेच्या प्रयोगशाळेत आठवी-नववीची मुलं एका दुपारी तो जोडू शकतील. जोडणीच्या सूचना, सॉफ्टवेअर आणि २०१५ पासूनच्या मोजणीचा साठा इंटरनेटवर कुणालाही फुकट उतरवून घेता येतो.