कंपनरोधक पाय: हाय-फायखाली काय ठेवावे आणि का

हाय-फाय यंत्रांखाली ठेवायचे कंपनरोधक पाय आज सगळ्या दरांत मिळतात. शे-दोनशे रुपयांच्या रबरी चकत्या आहेत, आणि चांगल्या ॲम्प्लिफायरइतकी किंमत असलेले स्प्रिंगचे संचही आहेत. पाय बदलले की गाण्यावरचा पडदा उठतो, असे काही रसिक शपथेवर सांगतात. बाकीचे या साऱ्याला धडधडीत फसवणूक म्हणतात. मला दोन्ही विधाने खटकतात, कारण दोघांनीही मूळ प्रश्न विचारलेला नसतो: कोणते कंपन, ते कुठून येते आणि कुठे पोचले की ऐकू येते? याचे उत्तर यंत्रागणिक आणि घरागणिक बदलते. त्यामुळे तेच पाय एका घरात अतिशय उपयोगी ठरतात आणि शेजारच्या घरात निरुपयोगी.

‘खाली मऊ रबर ठेवले की कंपने शोषली जातात’

सगळ्यात मोठा गोंधळ इथे आहे. लवचीक पाय आणि त्यावरचे वजन मिळून स्प्रिंगवर झुलणारी एक जोडी तयार होते. या जोडीला स्वतःची एक नैसर्गिक वारंवारता असते. त्या वारंवारतेपेक्षा खूपच संथ कंपन आले तर पाय काहीच करत नाहीत, जमीन हलेल तसे यंत्र हलते. नैसर्गिक वारंवारतेच्या आसपास कंपन आले तर ते कमी होण्याऐवजी वाढते, हा अनुनाद. नैसर्गिक वारंवारतेच्या साधारण 1.4 पट वर गेल्यावर कुठे खरी अडवणूक सुरू होते. तिथून पुढे मात्र ती झपाट्याने वाढते: कंपन स्वतः न जिरवणाऱ्या साध्या स्प्रिंगवर तिप्पट वारंवारतेला जेमतेम एक-अष्टमांश कंपन वर पोचते, दहापटीला शंभरातला एक भाग.

ही नैसर्गिक वारंवारता ओळखायला प्रयोगशाळा लागत नाही. साध्या स्प्रिंगवर यंत्र ठेवल्यावर ती किती मिलिमीटर दबते ते मोजायचे, त्या आकड्याचे वर्गमूळ काढायचे आणि 15.8 ला त्याने भागायचे. उत्तर हर्ट्झमध्ये येते. स्प्रिंग 10 मिलिमीटर दबली तर 5 हर्ट्झ, 4 मिलिमीटर दबली तर सुमारे 8, आणि 1 मिलिमीटर दबली तर सुमारे 16. आता कडक रबराचा बुटका पाय घ्या. ॲम्प्लिफायरच्या वजनाने तो 0.1 मिलिमीटर दबला असे धरले तर उत्तर येते 50 हर्ट्झ. रबराचा कंपनातला ताठरपणा स्थिर वजनाखालच्या ताठरपणापेक्षा जास्त असल्याने प्रत्यक्षातला आकडा आणखी वर जातो. म्हणजे असा पाय खालच्या पट्टीतली कंपने अडवत तर नाहीच, उलट बासच्या ऐन पट्ट्यात ती वाढवू शकतो. ‘मऊ आहे’ एवढ्याने भागत नाही. त्या वजनाखाली तो किती दबतो, हे महत्त्वाचे.

सोसायटीचा जनरेटर किंवा पाण्याचा पंप बसवणारा इंजिनिअर हाच हिशेब करतो. यंत्राचे वजन आणि फेऱ्यांचा वेग पाहिल्याशिवाय तो स्प्रिंग निवडत नाही. हाय-फायच्या दुकानात मात्र वजन विचारणारा विक्रेता भेटला तर नशीब समजावे.

वजनाच्या मुद्द्यात आणखी एक मेख आहे. सॉर्बोथेनसारख्या कंपन जिरवणाऱ्या पॉलियुरेथेनच्या चकत्या नेमून दिलेल्या वजनाखालीच नीट चालतात. त्या जाडीच्या साधारण दहा ते वीस टक्के दबाव्यात अशी अपेक्षा असते. त्याहून हलक्या यंत्राखाली त्या ताठ राहतात, जड यंत्राखाली चेपून बसतात. असे कंपन जिरवणारे साहित्य अनुनादाचा उंचवटा बुटका करते, पण त्याच्या बदल्यात वरच्या वारंवारतांची अडवणूक थोडी ढिली पडते. स्प्रिंगचे याच्या उलट असते.

‘स्पाइक कंपने बाहेर जाऊ देतात, आत येऊ देत नाहीत’

टोकदार धातूच्या स्पाइकला ‘यांत्रिक डायोड’ म्हणण्याची पद्धत आहे. असा डायोड अस्तित्वात नाही. टणक टोकातून कंपन दोन्ही दिशांना सारखेच जाते. स्पाइकचे काम जोडण्याचे आहे, तोडण्याचे नाही. जाड गालिच्यावर ठेवलेला स्पीकर डुगडुगतो. स्पाइक गालिचा भेदून खालच्या पक्क्या जमिनीवर टेकतात आणि डुगडुग थांबते. हा उपयोग खरा आहे. पण आपल्याकडच्या बहुतेक घरांत स्पीकर गुळगुळीत फरशीवर उभे असतात. तिथे स्पाइकचा फायदा एवढाच की लांडा पडणारा पाय फिरवून स्पीकर समतल करता येतो. त्याखाली धातूची चकती ठेवली नाही तर फरशीवर ओरखडे पडतात, ते वेगळेच.

‘टर्नटेबलखाली स्प्रिंग लावली की झाले’

कंपनाचा विषय जिथे सगळ्यात जास्त ऐकू येतो ते यंत्र म्हणजे रेकॉर्ड प्लेअर. त्याची सुई मुळात कंपन मोजण्याचेच साधन आहे, आणि एलपीच्या खाचेतले हळुवार तपशील एका मायक्रॉनपेक्षाही लहान असतात. भरीला, रेकॉर्ड कापताना खालचे स्वर मुद्दाम दाबलेले असतात आणि वाजवताना फोनो विभाग ते परत उचलतो. आरआयएए मानकानुसार 20 हर्ट्झचा संकेत 1000 हर्ट्झच्या तुलनेत सुमारे नऊ पट वाढवला जातो. म्हणून जमिनीतून किंवा मांडणीतून आलेला हादरा इथे नुसता पोचत नाही, तो मोठा होऊन स्पीकरमधून बाहेर पडतो, पुन्हा मांडणी हलवतो आणि पुन्हा सुईत शिरतो. आवाज वाढवल्यावर येणारी घुमघुम याच चक्रातून जन्मते.

यावरचे सुरेख उत्तर 1961 साली अमेरिकेत एडगर व्हिल्चर यांनी शोधले. त्यांच्या अकूस्टिक रिसर्च कंपनीच्या टर्नटेबलमध्ये तबकडी आणि टोनआर्म एकाच पक्क्या सांगाड्यावर बसवले होते आणि तो सांगाडा मऊ स्प्रिंगांवर तरंगता ठेवला होता. मोटर वेगळी, मधे फक्त पट्टा. खोक्यावर हातोडी मारली तरी सुई उडत नाही, असे प्रात्यक्षिक त्या काळी दाखवले जाई. या रचनेतले मर्म फार थोडे लोक लक्षात घेतात: सुई आणि रेकॉर्ड एकत्र हलले तर काही बिघडत नाही, एकमेकांच्या सापेक्ष हलले तरच आवाज उमटतो. पुढे 1970च्या दशकात स्कॉटलंडच्या लिनचा सोंडेक एलपी 12 याच मार्गाने गेला.

पण स्प्रिंगला मर्यादा आहे, आणि ती पावलांच्या हादऱ्यापाशी येते. आपण सेकंदाला साधारण दोन पावले टाकतो, आणि लाकडी पाटनाची जमीन प्रत्येक पावलासरशी काही हर्ट्झच्या ठेक्यात डोलते. टर्नटेबलच्या स्प्रिंगची नैसर्गिक वारंवारताही तिथेच, तीन ते पाच हर्ट्झच्या घरात असते. म्हणून स्प्रिंगवाले टर्नटेबल डोलणाऱ्या जमिनीवर अधिकच नाचते. त्याच्या जरा वर, 8 ते 12 हर्ट्झच्या दरम्यान, टोनआर्म आणि कार्ट्रिजच्या जोडीचा स्वतःचा अनुनाद असतो, त्यामुळे पायांची नैसर्गिक वारंवारता त्या पट्ट्यात येणेही धोक्याचे. आधीच स्प्रिंगवर तरंगणाऱ्या टर्नटेबलखाली आणखी स्प्रिंगचे पाय लावले तर दोन झुले एकमेकांत गुंततात.

ब्रिटन-अमेरिकेतल्या मासिकांतला सल्ला आपल्याकडे जसाच्या तसा घेताना हाच फरक सुटतो. तिथली बरीच घरे लाकडी जमिनींची आहेत. पुण्या-मुंबईच्या फ्लॅटमधला आरसीसी स्लॅब पुष्कळ ताठ असतो. त्यावर पावलांनी सुई उडण्याची तक्रार क्वचितच येते. गिरगावातल्या जुन्या चाळीत किंवा लाकडी माळा असलेल्या वाड्यात राहणाऱ्याची गोष्ट निराळी. त्याने पायांवर पैसे घालण्याआधी विटेच्या भिंतीत पक्की रोवलेली फळी करावी आणि टर्नटेबल तिच्यावर ठेवावे. पावलांवर याहून खात्रीचा इलाज माझ्या माहितीत नाही.

हवेतून येणाऱ्या आवाजापुढे कुठलेही पाय हतबल असतात. स्पीकरचा बास थेट तबकडीवर, टोनआर्मवर आणि प्लास्टिकच्या झाकणावर आदळतो. झाकण त्या लाटेसाठी मोठा पडदा ठरते. ऐकताना ते काढून ठेवावे. टर्नटेबल खोलीच्या कोपऱ्यात ठेवू नये, तिथे बासचा दाब सर्वाधिक असतो. आणि ज्या मांडणीवर स्पीकर त्याच मांडणीवर टर्नटेबल, ही आपल्या दिवाणखान्यांतली लाडकी रचना तर मोडायलाच हवी.

‘सीडी प्लेअर आणि ॲम्प्लिफायरही तितकेच नाजूक असतात’

नसतात. सीडी प्लेअर 1982 पासून त्रुटी दुरुस्त करणाऱ्या संकेतप्रणालीसह येतात. चकतीवरून वाचलेली माहिती आधी साठवणीत जाते आणि क्रिस्टलच्या ठोक्यावर बाहेर पडते. धक्का मोठा असेल तर आवाज सरळ तुटतो. ‘किंचित धूसर स्वर’ असा मधला प्रकार त्यात नाही. स्ट्रीमरमध्ये तर हलणारा भागच नाही.

व्हॉल्वचा ॲम्प्लिफायर हा खरा अपवाद. व्हॉल्वमधल्या बारीक जाळ्या कंप पावल्या की तो संकेतात उतरतो. पेन्सिलीच्या मागच्या रबराने काचेवर हलकी टिचकी मारली तर स्पीकरमधून ‘टिंग’ ऐकू येते. विशेषतः फोनो विभागातल्या व्हॉल्वसाठी योग्य वजनाचे पाय समर्थनीय आहेत. मोठ्या ट्रान्सफॉर्मरबद्दलही एक गोष्ट लक्षात ठेवावी. 50 हर्ट्झच्या विजेवर त्याचा गाभा 100 हर्ट्झला गुणगुणतो आणि खालची पोकळ लाकडी फळी ती गुणगुण मोठी करते. लवचीक पायांनी फळी शांत होते. संगीताचा संकेत सुधारत नाही, पण खोली शांत होते, आणि तेही मोलाचे आहे.

‘स्पीकर घट्ट धरला नाही तर बास ढिला पडतो’

युक्तिवाद असा असतो: शंकू पुढे जातो तेव्हा खोका मागे ढकलला जातो, म्हणून तो जखडून ठेवायला हवा. न्यूटनचा नियम बरोबर आहे, प्रमाण मात्र कुणी तपासत नाही. वूफरच्या हलत्या भागाचे वजन 15 ग्रॅम आणि स्पीकरचे 9 किलो धरू. गुणोत्तर सहाशेला एक. शंकू 3 मिलिमीटर हलला तर पूर्ण मोकळा तरंगणारा खोका 5 मायक्रॉन हलेल. आवाजाच्या हिशेबात हा भाग सुमारे 55 डेसिबल खाली राहतो. मऊ पायांनी बास बिघडेल ही भीती निराधार आहे.

खोक्याच्या भिंती थरथरून आवाजात स्वतःचा रंग मिसळतात हे मात्र खरे, पण त्याचा इलाज पायांत नाही. बीबीसीच्या संशोधन विभागातल्या हारवुड आणि मॅथ्यूज यांनी 1977 साली खोक्यांवरच अहवाल लिहिला. पातळ प्लायवूडला आतून डांबरी थर लावून कंपन जिरवायचे, हा त्या विभागाचा मार्ग होता. एलएस 3/5ए हा त्यांचा छोटा स्पीकर याच पद्धतीने बांधलेला आहे. तसेच खोलीचे. चार मीटर लांबीच्या खोलीत 43 हर्ट्झच्या आसपास बास फुगतो. त्याला स्पीकरची आणि ऐकणाऱ्याच्या खुर्चीची जागा बदलणे हाच पहिला उपाय आहे.

स्पीकरखालच्या पायांचा सर्वांत प्रामाणिक उपयोग मला सबवूफरखाली दिसतो. सबवूफर स्लॅबला थेट हादरवतो आणि तो हादरा काँक्रीटमधून लांबवर जातो. पाच-सहा हर्ट्झला बसणाऱ्या स्प्रिंगा 30 हर्ट्झच्या पुढचा हा थेट मार्ग मोठ्या प्रमाणात तोडतात. शोकेसमधली काचेची खडखड थांबते, खालच्या मजल्यावरची धडधड कमी होते. हवेतून स्लॅबवर आदळणारा बास तरीही खाली पोचतो, त्यामुळे रात्री अकराला आवाज वाढवण्याचा परवाना कुणी समजू नये.

‘मला फरक ऐकू आला, म्हणजे तो पायांमुळेच’

फरक ऐकू येणे पूर्ण शक्य आहे, आणि ऐकणाऱ्याला वेड्यात काढणे चूक आहे. पण पाय लावताना स्पीकर तीन-चार सेंटिमीटर वर उचलला जातो. ट्वीटरचा अक्ष कानाच्या रेषेत येतो किंवा रेषेबाहेर जातो, वूफरचे जमिनीपासूनचे अंतर बदलते आणि जमिनीवरून परतणारा आवाज वेगळा मिसळतो. हे सारे मोजता येते. म्हणून तुलना करताना त्याच उंचीचे टणक लाकडी ठोकळे ठेवून आधी ऐका, मग पाय लावा. स्पीकरची जागा खडूने आखून ठेवा, आवाजाची पातळी हलवू नका, आणि कोणते कधी लावले हे घरातल्या दुसऱ्याला ठरवू द्या.

कंपन प्रत्यक्ष बघायचे असेल तर जर्मनीतल्या आखेनच्या विद्यापीठात तयार झालेले ‘फायफॉक्स’ हे मोफत ॲप फोनवर घ्या. फोन मांडणीवर ठेवून त्यातल्या त्वरणमापकाचा वारंवारतेचा आलेख काढायचा. सूक्ष्म कंपने तो टिपत नाही, पण पावलांचे धक्के आणि सबवूफरचा थरकाप स्पष्ट दिसतो. टर्नटेबलसाठी याहून सोपी चाचणी आहे: थांबलेल्या रेकॉर्डवर सुई टेकवा, आवाज बेताने वाढवा, मांडणीवर बोटाच्या पेराने ठोका. ठोका स्पीकरमधून घुमला तर काम करायला वाव आहे. काही ऐकूच आले नाही तर ते पैसे रेकॉर्डवर खर्च करावेत.

पाय घ्यायचे ठरलेच तर आधी यंत्र वजनकाट्यावर ठेवा. ट्रान्सफॉर्मर एका बाजूला असल्याने ॲम्प्लिफायरचा भार चारही पायांवर सारखा नसतो. जड बाजूला जास्त ताकदीचा पाय लागतो, नाहीतर यंत्र कलते. हौशी लोक स्कूटरच्या ट्यूबमध्ये थोडीच हवा भरून तिच्यावर कडप्प्याची लादी ठेवतात. हवेची ही स्प्रिंग खरोखर चांगली चालते, फक्त दर काही आठवड्यांनी हवा आणि समतलपणा तपासावा लागतो. मऊ पॉलियुरेथेनच्या चकत्या पॉलिश केलेल्या लाकडावर डाग सोडू शकतात, मधे पातळ काच किंवा लॅमिनेटचा तुकडा घालावा. आणि उंच, अरुंद स्पीकर मऊ स्प्रिंगांवर उभे करण्याआधी घरात रांगणारे मूल आहे का ते पाहावे. असेल तर रुंद तळपाट हवाच.