भुवईखालचा खडा

"रांजणवाडीच असंल म्हणून चार महिने शेकतेय, डॉक्टरीणबाई," आजी म्हणाल्या. तळहातावर बोट घासायचं आणि गरम झालं की पापणीला लावायचं, हा आपल्याकडचा घरोघरचा उपाय. नात नऊ वर्षांची. डाव्या भुवईखाली तुरीच्या दाण्याएवढी गाठ, वरची कातडी किंचित निळसर. दुखणं नाही, नजर स्वच्छ.

अशा गाठी डोळ्यांपेक्षा बोटांना लवकर कळतात. पापणी उलटून पाहिली. आतली बाजू गुळगुळीत होती, म्हणजे तेलग्रंथी तुंबून होणारं कॅलॅझियन नव्हे. मुलांच्या भुवईच्या बाहेरच्या टोकाशी डर्मॉइड सिस्ट आढळते. ती जन्मापासूनची, रबरासारखी, बहुधा खाली हाडाला धरलेली असते आणि कातडी तिच्यावरून सहज सरकते. इथे सगळं उलटं. गाठ हाडावरून हलत होती, कातडी मात्र तिला चिकटलेली. हाताला लागत होता चक्क खडा! दोन बोटांनी कातडी ताणली, तर गोलाई जाऊन तंबूच्या कापडासारखे कोन उमटले.

पायलोमॅट्रिक्सोमा. केस घडवणाऱ्या पेशींची, कॅन्सर नसलेली गाठ. मालर्ब आणि शनांते या फ्रेंच डॉक्टरांनी १८८० साली तिचं वर्णन केलं, तेव्हा ती तेलग्रंथीतून येते असा समज होता. केसाच्या मुळाशी तिचं नातं जोडून आजचं नाव दिलं ते फोर्बिस आणि हेल्विग यांनी, १९६१ मध्ये.

शिकाऊ असताना मी अशीच एक गाठ कॅलॅझियन समजून चिरली होती. खरवडायच्या चमच्यावर चरबीऐवजी चुनखडीची कच आली. मी तीही फेकून दिली. काही महिन्यांनी गाठ त्याच जागी पुन्हा उभी.

या मुलीला पूर्ण भूल दिली. भुवई भादरली नाही, कारण टाके जुळवताना केसांचीच खूण लागते, आणि भादरलेले केस पूर्वीसारखे येतीलच असं नाही. पातं केसांच्या तिरकेपणाला समांतर धरायचं, नाहीतर मुळं कापली जाऊन भुवईत टक्कल पडतं. चिकटलेल्या कातडीची पानाच्या आकाराची चकती गाठीबरोबरच काढली. कात्रीचं टोक लागलं की करकर व्हायची.

गाठ फॉर्मॅलिनच्या बाटलीत टाकताना आजींना दाखवली. "साधीच हाय म्हणता, मग तपासायला कशापायी?" उतारवयात एकाच जागी पुन्हापुन्हा होणारी 'रांजणवाडी' कधीकधी तेलग्रंथीचा कॅन्सर निघते, हे त्यांना सांगितलं. म्हणून नातीची असो की आजीची, काढलेली गाठ बाटलीत जातेच.

पुढे पॅथॉलॉजिस्टने सूक्ष्मदर्शकाखाली काच लावून मला बोलावलं. कडेला गडद जांभळ्या पेशींची दाटी. आत जावं तशा त्या फिक्या गुलाबी होत जातात आणि केंद्रकाच्या जागी नुसती पोकळी उरते. यांना घोस्ट सेल म्हणतात, म्हणजे पेशींची भुतं. मध्ये कॅल्शियमचे थर. बोटांना लागला होता तो खडा हाच.

टाके काढताना पोरीने विचारलं, "माझा खडा कुठंय?"

"लॅबमध्ये, मेणाच्या वडीत."

आजींनी पदर तोंडाला लावला. "आणि मी बया, चार महिने दगड शेकत बसले!"