सळई हलली की चूक मोजायची!

धातूची एक पट्टी, तिला ओळीने भोके पाडलेली. पहिले भोक मोठे, पुढचे त्याहून लहान, त्यापुढचे आणखी लहान. मुलाच्या हातात धातूचीच एक सळई द्यायची आणि सांगायचे, ही भोकात घाल आणि पंधरा सेकंद तशीच धर. कडेला लागता कामा नये. लागली की एक चूक! ऐकायला सोपे वाटते ना? घरी विणकामाची सुई अंगठीत धरून पाहा. पाच-सहा सेकंदांतच आपला हात आपले ऐकत नाही, हे कळून येईल.

१९९३ साली बंगळूरच्या संशोधकांनी ९ ते १३ वर्षांच्या मुलांवर हा प्रयोग केल्याचे प्रसिद्ध झाले. ४५-४५ मुलांचे दोन गट. एका गटाला दहा दिवस योगासने आणि प्राणायाम शिकवला, दुसऱ्याला काहीच शिकवले नाही. दहा दिवसांनी पुन्हा तीच पट्टी, तीच सळई. योग करणाऱ्या मुलांच्या चुका स्पष्टपणे कमी झाल्या होत्या. दुसरा गट होता तिथेच होता.

हे काम करणाऱ्या डॉ. शर्ली टेलिस यांचे शिक्षण बंगळूरच्याच 'निमहान्स' या मानसिक आरोग्य आणि मेंदूविज्ञानाच्या राष्ट्रीय संस्थेत झालेले. त्यांच्याबरोबर होते डॉ. आर. नागरत्ना आणि डॉ. एच. आर. नागेंद्र. नागेंद्र मूळचे यांत्रिकी अभियंते. भारतीय विज्ञान संस्थेची डॉक्टरेट घेऊन आणि 'नासा'चा अनुभव गाठीशी बांधून हा माणूस योगाकडे वळला. बंगळूरजवळ जिगणी येथे त्यांनी उभे केलेले संशोधन केंद्र पुढे २००२ मध्ये अभिमत विद्यापीठ झाले. प्राणायामाचे गुण गाणारे आपल्याकडे पुष्कळ. सळई आणि घड्याळ घेऊन तो मोजायला बसणारे मात्र थोडे!

याच मंडळींचा १९९७ चा आणखी एक प्रयोग सांगण्याजोगा आहे. ११ ते १८ वर्षांची १३० उजव्या हाताची शाळकरी मुले, त्यांचे पाच गट. एकाने उजव्या नाकपुडीने श्वास घ्यायचा, दुसऱ्याने डाव्या, तिसऱ्याने आलटून पालटून, चौथ्याने नुसते श्वासाकडे लक्ष द्यायचे. पाचव्या गटाला फक्त मुद्रा. दहा दिवसांनी मुठीची ताकद मोजली. नाकपुडीने श्वास घेणाऱ्या तिन्ही गटांत ती सुमारे ४ ते ६.५ टक्क्यांनी वाढली, श्वासाकडे नुसते लक्ष देणाऱ्यांत आणि मुद्रा करणाऱ्यांत फरक पडला नाही. गंमत अशी की कोणती नाकपुडी, याने काही बिघडले नाही. ज्यांनी श्वासाकडे नुसते लक्ष दिले त्यांची मूठ मात्र होती तशीच राहिली.

पण हुरळून जाऊ नये. दहा दिवस हा फार थोडा काळ. शिवाय पहिल्या प्रयोगातल्या दुसऱ्या गटाला त्या दहा दिवसांत चित्रकला किंवा गोट्या शिकवल्या असत्या, तर त्यांचाही हात स्थिर झाला नसता कशावरून? १९९७ च्या प्रयोगात पाचव्या गटाला मुद्रा दिल्या, त्या याच शंकेसाठी. त्या गटालाही वेळ मिळाला, शिक्षक मिळाला, कौतुक मिळाले, मिळाले नाही ते फक्त श्वासाचे शिक्षण. चांगला प्रयोग कसा रचावा, हे शिकायला मानसशास्त्राच्या विद्यार्थ्याने हे दोन प्रयोग शेजारी ठेवून पाहावेत.

मैदानावर याचा उपयोग काय?

भीती वाटली की शरीरात ॲड्रेनलिन वाढते, छाती धडधडते, स्नायू आवळतात. हाताचा बारीक थरथराट सगळ्यांनाच असतो, तो अशा वेळी वाढतो. वाघ मागे लागला तर हे सारे उपयोगाचे, पण दहा मीटरवरच्या इवल्याशा टिंबावर नेम धरायचा असेल तर घातक. श्वास सावकाश सोडला की हृदयाची गती मंदावते आणि आवळलेले शरीर सैल पडू लागते. नेमबाज श्वास सोडता सोडता क्षणभर थांबून चाप ओढतात, तो यासाठी.

आपल्या महाराष्ट्रात हे सर्वांत आधी ज्यांनी ओळखले ते नाशिकचे भीष्मराज बाम. पोलीस सेवेतले वरिष्ठ अधिकारी, गुप्तवार्ता विभागात नोकरी, स्वतः पिस्तूल नेमबाज. निवृत्तीनंतर आरामखुर्चीत न बसता ते खेळाडूंचे मन घडवायला बसले. पतंजलीची योगसूत्रे आणि आधुनिक मानसशास्त्र यांची त्यांनी सांगड घातली. सिडनीच्या २००० सालच्या ऑलिंपिकमध्ये अंतिम फेरी गाठणाऱ्या अंजली भागवत यांना त्यांचे मार्गदर्शन लाभले. २०१७ मध्ये बाम गेले, पण 'विजयाचे मानसशास्त्र' हे त्यांचे मराठी पुस्तक आजही खेळाडूंच्या पालकांनी घरात ठेवावे असे आहे.

बाम यांच्याकडे सल्ल्यासाठी येणाऱ्यांत बंगळूरचा एक मराठी फलंदाजही होता, राहुल द्रविड! इंदूरला जन्मलेला, बंगळूरला वाढलेला, वडील जॅमच्या कारखान्यात आणि आई पुष्पा या वास्तुकलेच्या प्राध्यापिका. ज्याच्या शांतपणाचे दाखले क्रिकेटवेडे बाप आपल्या मुलांना देतात, त्याला मनाच्या तयारीसाठी शिक्षक लागला. मन शांत असणे हा जन्मजात गुण नव्हे, ते सरावाचे काम आहे, याचा याहून चांगला पुरावा कोणता द्यायचा?

पंधरा वाक्यांची परीक्षा

बंगळूरमध्ये खेळाडूंना तोटा नाही. म्हैसूर रस्त्यावर ज्ञानभारतीच्या परिसरात भारतीय क्रीडा प्राधिकरणाचे मोठे केंद्र आहे. प्रकाश पदुकोण यांची बॅडमिंटन अकादमी १९९४ पासूनची, राष्ट्रीय क्रिकेट अकादमी २००० सालची. मानसशास्त्र शिकवणारी महाविद्यालयेही भरपूर. त्यामुळे प्रकल्पाचा विषय शोधणाऱ्या विद्यार्थ्याची पावले मैदानाकडे वळणे साहजिकच आहे.

त्याच्या पिशवीत बहुधा रेनर मार्टेन्स या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९७७ मध्ये तयार केलेली प्रश्नावली असते. स्पर्धेच्या आधी खेळाडूला किती धास्ती वाटते, हे ती मोजते. पंधरा वाक्ये, प्रत्येकापुढे क्वचित, कधी कधी किंवा बऱ्याचदा यावर खूण करायची. यातली पाच वाक्ये नुसती भरतीची! त्यांचे गुण धरतच नाहीत. कशासाठी विचारले जाते ते मुलाला चटकन कळू नये, म्हणून ती पेरलेली. उरलेल्या दहांचे गुण दहा ते तीस यांमध्ये येतात.

खरी अडचण येते भाषेची. त्यात एक वाक्य पोटात ढवळल्यासारखे होण्याविषयी आहे. आपण मराठीत म्हणू, पोटात गोळा येतो. नुसते शब्दाला शब्द ठेवून भाषांतर केले तर तालमीतला मुलगा सरळ सांगेल, आज सकाळी इडली जास्त झाली! शिवाय प्रशिक्षक शेजारी उभे असतील तर "मला भीती वाटते" यावर खूण कोण करील? संघातून नाव कापले जाईल ही धास्ती मैदानावरच्या धास्तीहून मोठी. म्हणूनच असे काम करताना नाव न लिहिण्याची मुभा आणि प्रशिक्षकांना खोलीबाहेर ठेवणे, या दोन गोष्टींवर चांगले प्राध्यापक अडून बसतात. मुलगा अठराच्या आतला असेल तर पालकांची लेखी परवानगी घ्यावी लागते, आणि मुलाचीही हरकत नसावी लागते. असा कागद तुमच्या घरी आला तर घाबरून जाऊ नका. पण न वाचता सहीही करू नका. उत्तरे कोण पाहणार, हे जरूर विचारा.

आणि गुण जास्त आले म्हणजे मूल दुबळे, असे मुळीच नाही. थोडी धास्ती हवीच. यर्किस आणि डॉडसन या दोघांनी १९०८ मध्येच उंदरांवरच्या प्रयोगांतून दाखवले होते की, अवघड काम शिकताना ताण थोडा वाढला तर फायदा होतो, फार वाढला की काम बिघडते.

घरातल्यांनी काय पाहावे?

करोनाच्या काळात, २०२० च्या मार्चपासून जूनपर्यंत, भारताचे पुरुष आणि महिला हॉकी संघ बंगळूरच्या त्या क्रीडा केंद्रातच अडकून पडले होते. घर दूर, स्पर्धा पुढे ढकललेल्या, आवार तेवढे जग. पुढच्याच वर्षी टोकियोत पुरुषांनी कांस्यपदक मिळवले आणि महिला चौथ्या आल्या. २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकला जाताना तर पुरुष संघाबरोबर पॅडी अप्टन हे मनाची तयारी करून घेणारे प्रशिक्षक होते. २०११ चा क्रिकेट विश्वचषक जिंकणाऱ्या संघाबरोबर होते, तेच हे. राष्ट्रीय संघाला असा माणूस मिळतो. जिल्हा पातळीवर पहाटे पाचला उठून सरावाला जाणाऱ्या मुलीला कोण मिळते? तिचे आईवडील.

मुलींच्या बाबतीत मन आणि शरीर वेगळे काढताच येत नाही. वजन वाढेल म्हणून जेवण तोडायचे आणि सराव मात्र दुप्पट करायचा, यातून पाळी थांबते आणि हाडे ठिसूळ होतात. या तिहेरी दुखण्याकडे अमेरिकेतील क्रीडावैद्यक तज्ज्ञांनी १९९२ मध्ये लक्ष वेधले. २०१४ मध्ये आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीने हे मुलांनाही होते असे स्पष्ट केले. खाण्यातून मिळणारी शक्ती खर्चाला पुरत नाही, हे त्याचे मूळ. मुलीची पाळी सलग तीन महिने आली नाही, तर "खेळणाऱ्या मुलींचे असेच असते" असे म्हणून सोडून देऊ नये. स्त्रीरोगतज्ज्ञाकडे जावे आणि सराव किती तास चालतो तेही सांगावे.

झोप उडणे, आवडत्या खेळाला टाळाटाळ, सामन्याच्या दिवशीच दर वेळी पोट दुखणे, किरकोळ दुखापत बरी होऊनही पायावर भार द्यायला घाबरणे, ही लक्षणे दोन आठवड्यांहून जास्त टिकली तर मुलाशी बोलावे. सामना हरून घरी येतानाच्या रिक्षात नव्हे, जेवणानंतर, निवांत. प्रकाश पदुकोण यांची कन्या दीपिका स्वतः राष्ट्रीय स्तरावर बॅडमिंटन खेळलेली. अभिनेत्री म्हणून यशाच्या शिखरावर असताना, २०१४ मध्ये तिला नैराश्याने गाठले. काहीतरी बिनसले आहे हे आधी ओळखले ते तिच्या आईने, असे तिनेच जाहीरपणे सांगितले आहे. २०१५ मध्ये तिने बंगळूरला मानसिक आरोग्यासाठी संस्था काढली.

तज्ज्ञ गावात नसेल तर काय करावे? ऑक्टोबर २०२२ मध्ये केंद्र सरकारने 'टेलिमानस' ही दूरध्वनी सेवा सुरू केली. तिच्या मार्गदर्शनाची मुख्य जबाबदारी 'निमहान्स'कडेच आहे. क्रमांक १४४१६. दिवसरात्र चालते, पैसे पडत नाहीत आणि मराठीतून बोलता येते. फोन मुलानेच करायला हवा असे नाही, आईने केला तरी चालतो.