डाग तपासा, मग बॅटरी जोडा

विज्ञान प्रदर्शन जवळ आले की आपल्या वस्त्यांतील मुले-मुली ५५५ आयसीचा लुकलुकणारा दिवा करायला बसतात. सुटे भाग आई-वडिलांच्या मजुरीतून आलेले असतात. डाग देऊन होतात, बॅटरी जोडली जाते, आणि दिवा लागत नाही. मग कोणीतरी सहज बोलून जाते, "हे आपले काम नव्हे." तो शब्द मुलाच्या मनात घर करतो. खरे पाहता चूक बहुधा एखाद्या डागात असते आणि ती रीतीने शोधता येते.

पहिली तपासणी बॅटरी न जोडता करावी. पट्टी उजेडात धरा. शिसे-कथिलाचा चांगला डाग चकचकीत असतो व तारेभोवती उतरता बसतो. निस्तेज, गोळीसारखा किंवा चिरलेला डाग म्हणजे 'ड्राय सोल्डर'. तो पुन्हा तापवून थोडे नवे सोल्डर द्यावे. शेजारचे दोन डाग चिकटले असतील तर मोकळे करावेत.

मग दिशा पाहावी. एलईडीचा लांब पाय धन बाजूला हवा. गोल कपॅसिटरवरचा पट्टा ऋण पाय दाखवतो. आयसीची खाच नकाशाप्रमाणे हवी. पिवळा, जांभळा, तपकिरी पट्टे म्हणजे ४७० ओहमचा रेझिस्टर.

आता शाळेतून किंवा ओळखीच्या दुरुस्तीवाल्याकडून मल्टीमीटर मागून आणावा. बॅटरीच्या दोन तारांवर बझर सतत वाजला तर शॉर्ट आहे. तो काढल्याशिवाय बॅटरी लावू नये.

नंतर ९ व्होल्टची बॅटरी जोडावी. काही तापू लागले तर लगेच काढावी. मीटरची काळी पिन आयसीच्या १ नंबरच्या पायावर व लाल ८ नंबरवर ठेवली की सुमारे ९ व्होल्ट दिसले पाहिजेत. मग लाल पिन ३ नंबरवर न्यावी. तेथे आकडा वर-खाली होत असेल आणि तरी दिवा लागत नसेल, तर दोष एलईडीच्या बाजूला आहे. आकडा स्थिर असेल तर आयसीभोवतीच्या जोडण्या पाहाव्यात. एका वेळी एकच बदल करावा. काम संपल्यावर हात धुवावेत, कारण सोल्डरमध्ये शिसे असते.

केसपुत्तच्या कालामांना तथागतांनी हेच सांगितले होते : ऐकीव म्हणून मानू नका, स्वतः पारखून घ्या. "आयसी जळाला असेल" हेही मोजेपर्यंत ऐकीवच!

बाबासाहेब फेब्रुवारी १९४१ मध्ये आजच्या धाराशिव जिल्ह्यातील कसबे तडवळे येथे परिषदेसाठी आले होते. पुढच्याच वर्षी व्हाइसरॉयला दिलेल्या निवेदनात त्यांनी आपल्या मुलांसाठी सरकारी छापखान्यांत व रेल्वेच्या कारखान्यांत तंत्रशिक्षणाची सोय मागितली. हत्यार हाती धरून ते समजून वापरणारी पिढी त्यांना हवी होती.

म्हणून पालकांनो, दिवा लागला नाही तर मुलाला रागावू नका. त्याच्याजवळ बसा आणि विचारा, "बाळा, कोणता डाग तपासायचा राहिला?"