कवळी की इम्प्लांट? आधी हाड पाहा, मग खिसा

दुखणारी दाढ काढली की माणसाला हायसे वाटते. ठणका थांबतो, रात्री झोप लागते आणि रिकाम्या जागेचा विचार मागे पडतो. ‘एका दाढेने काय अडते?’ म्हणत वर्ष-दोन वर्षे जातात. मग दुसरी दाढ जाते, तिसरी हलू लागते. भाकरी कालवून खावी लागते, पेरू आणि शेंगदाणे ताटातून हद्दपार होतात. त्यानंतर दवाखान्यात प्रश्न विचारला जातो : कवळी बसवायची की इम्प्लांट? या प्रश्नाचे उत्तर पैशांवर ठरते, अशी सर्वसाधारण समजूत आहे. खरे तर ते सर्वांत आधी जबड्याच्या हाडावर ठरते.

दात गेला की हाडही झिजते

दाताच्या मुळाभोवतीचे हाड दातासाठीच असते. चावताना मुळावर येणारा दाब त्या हाडाला जिवंत ठेवतो. दात काढल्यावर हा दाब थांबतो आणि हाड झिजू लागते. पहिल्या वर्षात ही झीज सर्वांत जास्त होते. पुढे वेग मंदावतो, पण झीज थांबत नाही. शेजारचे दात मोकळ्या जागेकडे कलतात, समोरच्या जबड्यातला दात हळूहळू तिकडे सरकतो. त्यामुळे नवा दात बसवायचा की नाही, याची चर्चा दात काढण्यापूर्वीच डॉक्टरांशी करणे शहाणपणाचे. मात्र प्रत्येक जागा भरलीच पाहिजे असेही नाही. अक्कलदाढ गेली, किंवा अगदी मागची एखादी दाढ नसूनही चावणे नीट चालले असेल, तर काहीही न बसवणे हाही योग्य निर्णय ठरू शकतो.

दोन्हींचे काम वेगळे

कवळी हिरडीवर टेकते. चावण्याचा सगळा भार हिरडी आणि तिच्याखालचे हाड सोसते. वरची कवळी टाळूच्या रुंद पृष्ठभागाला चिकटून राहते, म्हणून ती बहुधा पक्की बसते. खालच्या कवळीला आधार मिळतो तो घोड्याच्या नालेसारख्या अरुंद पट्टीचा. तिथे जीभ आणि गाल सतत हलतात, शिवाय खालच्या जबड्याचे हाडही वरच्यापेक्षा अधिक झिजते. म्हणूनच ‘वरची ठीक आहे, खालची उचलली जाते’ ही तक्रार घरोघरी ऐकू येते. त्यात दर वेळी कवळी करणाऱ्याचा दोष असतो असे नाही.

इम्प्लांट म्हणजे हाडात बसवलेला टायटॅनियमचा स्क्रू. त्यावर कॅप बसते. स्वीडनचे संशोधक पेर-इंगवार ब्रोनेमार्क यांना १९५०च्या दशकात सशांच्या हाडांवर प्रयोग करताना दिसले, की टायटॅनियम हाडाशी घट्ट एकरूप होते. १९६५मध्ये त्यांनी पहिल्या रुग्णाच्या जबड्यात असे इम्प्लांट बसवले. हाड आणि धातू एकमेकांना धरण्यास साधारणपणे तीन ते सहा महिने लागतात. काही निवडक रुग्णांत कॅप लवकर बसवता येते, पण ‘एका दिवसात पक्के दात’ ही जाहिरात सर्वांना लागू पडत नाही. नीट निवडलेल्या रुग्णांत दहा वर्षांनंतरही दहापैकी नऊहून अधिक इम्प्लांट जागेवर असतात, असे अनेक अभ्यासांत दिसले आहे.

मधला मार्ग

अनेकांना दोनच पर्याय सांगितले जातात : स्वस्त कवळी किंवा तोंडभर इम्प्लांट. यांच्यामध्ये एक चांगला मार्ग आहे. खालच्या जबड्यात पुढच्या बाजूला, सुळ्यांच्या जागी, फक्त दोन इम्प्लांट बसवायचे आणि त्यांवर कवळी टिचबटणासारखी अडकवायची. ती काढून धुता येते, पण बोलताना किंवा चावताना उचलली जात नाही. पुढच्या भागात हाड बहुधा शिल्लक असते, त्यामुळे वर्षानुवर्षे दात नसलेल्यांनाही हे अनेकदा शक्य होते. २००२मध्ये कॅनडातील मॅकगिल विद्यापीठात जमलेल्या तज्ज्ञांनी, खालचे सर्व दात गेलेल्यांसाठी हाच पहिला पर्याय मानावा, अशी शिफारस केली होती. एक-दोनच दात गेले असतील, तर शेजारच्या दातांवर बसणारा ब्रिज हाही पर्याय असतो. त्यासाठी मात्र शेजारचे दात घासावे लागतात.

कोणी जपून पावले टाकावीत?

केवळ वय जास्त आहे म्हणून इम्प्लांट नाकारण्याचे कारण नाही. उलट वाढत्या वयाच्या मुलांत जबड्याची वाढ पूर्ण होईपर्यंत थांबावे लागते. मधुमेह आटोक्यात असेल तर इम्प्लांट करता येते. साखर वाढलेली असेल तर जखम भरत नाही, म्हणून आधी तीन महिन्यांची सरासरी साखर तपासून घ्यावी. विडी-सिगारेट ओढणाऱ्यांत इम्प्लांट निकामी होण्याचा धोका वाढतो. मिश्री आणि तंबाखूने हिरड्यांची हानी होते. गुटख्यामुळे तोंड उघडेनासे झाले असेल, तर इम्प्लांटच काय, कवळीचे माप घेणेही कठीण होते.

हाडे ठिसूळ झाल्याबद्दल किंवा कर्करोगासाठी हाडांवरची औषधे चालू असतील, पूर्वी जबड्याला रेडिएशन दिले असेल, तर ते दंतवैद्याला आवर्जून सांगावे. अशा रुग्णांत जबड्याचे हाड भरून न येण्याचा धोका असतो. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या मात्र स्वतःच्या मनाने बंद करू नयेत. दाताची जखम भरेल, पण त्या काळात पक्षाघात किंवा हृदयविकाराचा झटका आला तर काय?

बसवले म्हणजे संपले नाही

इम्प्लांटला कीड लागत नाही, म्हणून त्याची निगा लागत नाही, हा गैरसमज आहे. त्याच्याभोवती किटण साचले की हिरडी सुजते, हाड झिजते आणि पक्का बसलेला इम्प्लांटही हलू लागतो. रोजची स्वच्छता आणि ठरावीक काळाने तपासणी जमणार नसेल, तर हजारो रुपये पाण्यात जातात. हात थरथरणाऱ्या किंवा विस्मरण होणाऱ्या ज्येष्ठांसाठी कधीकधी साधी, काढता येणारी कवळीच सोयीची ठरते.

कवळी रात्री काढून स्वच्छ पाण्यात ठेवावी. मऊ ब्रश आणि साध्या साबणाने ती धुवावी, गरम पाणी वापरू नये. दिवसरात्र घातलेल्या कवळीखाली बुरशीचा संसर्ग होऊन टाळू लाल होते. हाड झिजत असल्याने पाच-सात वर्षांनी कवळी सैल होतेच. तेव्हा चिकटवण्याची पावडर वाढवत नेण्यापेक्षा आतून नवे अस्तर लावून घ्यावे किंवा कवळी बदलावी. सैल कवळीने एकाच जागी घासून झालेली जखम दोन आठवड्यांत भरली नाही, तर ती डॉक्टरांना दाखवावीच.

रस्त्याकडेला बसून तासाभरात ‘पक्का दात’ लावून देणाऱ्यांपासून दूर राहावे. हे दात शेजारच्या चांगल्या दातांना तारेने आणि प्लास्टिकने जखडलेले असतात. त्याखाली साफसफाई होत नाही आणि एका दाताच्या बदल्यात दोन-तीन दात जातात.

होकार देण्यापूर्वी विचारा

माझ्या जबड्यात हाड किती आहे आणि ते कोणत्या तपासणीवरून ठरवले? दोन इम्प्लांटवरची कवळी मला चालेल का? कॅप, हाड भरणे, नंतरच्या तपासण्या धरून एकूण खर्च किती? इम्प्लांट कोणत्या कंपनीचे, त्याची नोंद मला लेखी मिळेल का? पुढे दुसऱ्या गावी दुरुस्ती करायची वेळ आली, तर ही नोंदच कामी येते.

एका इम्प्लांटसाठी खासगी दवाखान्यात हजारो रुपये मोजावे लागतात. मुंबई, नागपूर, छत्रपती संभाजीनगर येथील शासकीय दंत महाविद्यालयांत कवळी त्या मानाने फार कमी खर्चात होते, फक्त फेऱ्या जास्त घालाव्या लागतात. पैसे जमेपर्यंत दातांविना राहण्यापेक्षा आज चांगली कवळी करून घ्यावी. इम्प्लांटचा विचार नंतरही करता येतो, आणि तोवर ताटातली भाकरी सोडावी लागत नाही.