रत्नागिरीचे बारा महिने आणि सरासरीचा आकडा

रत्नागिरीचा जानेवारी आणि रत्नागिरीचा ऑगस्ट यांत साम्य ते काय, असे कुणी विचारले तर आपण हसाल. एकात निरभ्र आकाश आणि पहाटेचा गारवा, दुसऱ्यात पागोळ्या आणि ओल आलेल्या भिंती. पण हवामानाचा तक्ता उघडून बघा. जानेवारीचे सरासरी उष्णमान सुमारे २५ अंश सेल्सिअस, ऑगस्टचे साडेसव्वीसच्या आसपास. जेमतेम दीड अंशाचा फरक! तक्ता खोटा नाही. मग गोम कुठे आहे?

गोम आहे ती सरासरी काढण्याच्या रीतीत. दुपारचे कमाल आणि पहाटेचे किमान उष्णमान घेऊन त्यांची बेरीज निम्मी करतात. मग महिन्यातल्या सगळ्या दिवसांची आणि पुढे तीस वर्षांची सरासरी घेतात. जानेवारीत दुपारी सुमारे ३१ आणि पहाटे १९ अंश, निम्मे झाले २५. ऑगस्टात दुपारी २९ आणि पहाटे साधारण साडेचोवीस. म्हणजे एका महिन्यात बारा अंशांचा चढउतार आणि दुसऱ्यात साडेचारांचा. पण निम्मे करताना तो चढउतारच नाहीसा होतो.

आता जवळजवळ त्याच अक्षांशावरचे सोलापूर घ्या. मे महिन्यात तिथे दुपारी पारा ४० अंशांना टेकतो, तर रत्नागिरीत ३३ ला थांबतो. ही किमया समुद्राची. पाणी तापायला फार वेळ लागतो. एक किलो पाण्याला जेवढी उष्णता लागते तेवढीत चार-पाच किलो कोरडी माती तितकीच तापते. शिवाय दुपारी जमीन तापली, की समुद्रावरून खारे वारे सुटतात. रात्री मात्र समुद्र लवकर निवत नाही. त्यामुळे मे महिन्यातल्या रात्री सोलापुरात आणि रत्नागिरीत जवळपास सारख्याच उबदार, सव्वीसच्या आगेमागे. त्यात किनाऱ्यावरची हवा दमट, घाम वाळत नाही. तेहतीस अंशांनाच जीव नकोसा होतो, असे कोकणातला माणूस म्हणतो तेव्हा घाटावरच्याने त्याला नाजूक समजू नये!

सूर्य रत्नागिरीच्या डोक्यावर वर्षातून दोनदा येतो, मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्याच्या सुमारास आणि पुन्हा ऑगस्टच्या आरंभी. दुसऱ्या खेपेला मध्ये ढग असतात, म्हणून तो जाणवत नाही. पाऊस सरला की ऊन पुन्हा चढते आणि नोव्हेंबरच्या दुपारी मे महिन्याच्या जवळपास बरोबरीला येतात. मात्र नोव्हेंबरच्या रात्री पाच अंशांनी गार असतात, आणि आंब्याच्या बागाईतदाराला दुपारपेक्षा या रात्रींचेच महत्त्व अधिक.

हापूसची जून झालेली काडी थंडीची वाट पाहत असते. नोव्हेंबर-डिसेंबरात काही दिवस सलग रात्रीचा पारा विशीच्या खाली उतरला, तर डोळ्यांतून मोहोर फुटतो. रात्री उबदार राहिल्या किंवा अवेळी पाऊस झाला, तर मोहोराऐवजी पालवी येते आणि हंगाम लांबतो. ढगाळ, दमट हवेत तुडतुडे आणि भुरी माजतात, ते वेगळेच. पुढे फेब्रुवारी-मार्चात कधी जमिनीवरचे पूर्वेचे वारे जोर धरतात, खारे वारे उशिरा येतात, आणि चार दिवस दुपारी पारा ३७-३८ अंशांवर जातो. तेवढ्यात सुपारीएवढी फळे गळून पडतात. महिन्याच्या सरासरीत हे चार दिवस जेमतेम अर्ध्या-पाऊण अंशाने दिसणार. बागेत ते वर्षभर दिसतात.

शिक्षक बंधुभगिनींना एक सुचवावेसे वाटते. कमाल-किमान उष्णमापक फार महाग नसतो. जमिनीपासून चार-पाच फूट उंच, झडपांच्या लाकडी पेटीत, दार उत्तरेला ठेवून तो बसवावा. उघड्या उन्हात ठेवला तर तो हवेचे नव्हे, स्वतःच्या काचेचे उष्णमान दाखवील. रोज सकाळी एकाच वेळी मुलांनी दोन्ही आकडे फळ्यावर लिहावेत, शेजारी आकाश निरभ्र की ढगाळ तेही. डिसेंबरात ज्या रात्री ढग आले त्या पहाटेचा पारा आदल्या दिवसापेक्षा किती वर राहिला, हे मुलांना आपोआप दिसेल. आणि ज्यांच्या घरी कलमे आहेत ती मुले तो आकडा घरी सांगतील.